कोरड्या भागातली घोणस जास्त विषारी असते का? एका पेपरचं वाचन

एप्रिल २०२५ मध्ये ‘प्लॉस निग्लेक्टेड ट्रॉपिकल डिसीजेस’ या नियतकालिकात घोणसीच्या विषावर एक पेपर आला. काम बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतलं, कार्तिक सुनागर यांच्या प्रयोगशाळेतलं. देशभरातल्या ३४ ठिकाणांहून ११५ घोणसींचं विष घेतलं, त्यातल्या एन्झाइमांची क्रियाशीलता मोजली, त्या त्या ठिकाणच्या हवामानाच्या जुन्या नोंदी शेजारी ठेवल्या आणि विचारलं, पाऊस आणि तापमान यांवरून विषाचा स्वभाव ओळखता येतो का? उत्तर आलं, काही प्रमाणात येतो. प्रथिनं तोडणाऱ्या एन्झाइमांचं, म्हणजे प्रोटिएजचं, हवामानाशी सगळ्यात जवळचं नातं दिसलं. अमिनो आम्लांवर काम करणाऱ्या ऑक्सिडेजला हवामानाचा काही फरक पडत नाही असं दिसलं. कोरड्या भागातल्या घोणसींच्या विषात प्रोटिएजची क्रिया जास्त असण्याकडे कल निघाला. या सगळ्यावरून त्यांनी भारताचा एक नकाशा काढला, कुठे कसं विष अपेक्षित आहे याचा.

पेट देऊन सिनॉप्सिसच्या मागे लागलेल्या तुमच्यातल्या बऱ्याच जणांच्या मनात ‘तुलनात्मक एन्झाइम क्रियाशीलता’ असा शब्दप्रयोग असलेला विषय असतोच. साप असो, बुरशी असो की रानातली एखादी वनस्पती. म्हणून हा पेपर घेतला. तो चांगला आहे. वाईट पेपरवर टीका करायला फार डोकं लागत नाही आणि शिकायलाही फार मिळत नाही.

आता त्यातलं ‘कोरड्या भागात प्रोटिएज जास्त’ हे वाक्य परभणीत बसून वाचा. जिंतूरकडचा डोंगराळ भाग, सेलू-मानवतची काळी रानं, मे महिन्यातलं ऊन. वाचणारा लगेच म्हणतो, म्हणजे आपल्याकडची घोणस जास्त विषारी! पेपरात असं कुठेही लिहिलेलं नाही. ‘प्रोटिएज जास्त’ आणि ‘जास्त विषारी’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. त्यांच्या मधलं अंतर किती आहे हे समजलं, तर विषावरचा कुठलाही पेपर तुम्हाला स्वतःच्या जोरावर वाचता येईल.

हे अंतर सगळ्यात स्वच्छ दिसतं ते अमेरिकेतल्या रॅटलस्नेकमध्ये. घोणस आणि रॅटलस्नेक एकाच व्हायपर कुळातले, पण नातं लांबचं. रॅटलस्नेकच्या डोळा आणि नाकपुडीच्या मध्ये उष्णता ओळखणारा खळगा असतो, घोणसीला तो नसतो. नैऋत्य अमेरिका आणि मेक्सिकोत राहणाऱ्या मोहावी रॅटलस्नेकवर १९७८ साली ग्लेन आणि स्ट्रेट या संशोधकांनी दाखवलं की एकाच जातीच्या सापांत विषाची ताकद गावागणिक बदलते. पुढच्या कामातून कळलं की काही ठिकाणच्या सापांत मोहावी टॉक्सिन नावाचं मज्जासंस्थेवर हल्ला करणारं विष आहे आणि प्रोटिएज जवळजवळ नाही. ॲरिझोनातल्या एका पट्ट्यात बरोबर उलटं. तिथे ते टॉक्सिन नाही आणि प्रोटिएज भरपूर.

यातलं जास्त मारक कोणतं? ज्यात प्रोटिएज कमी आहे ते. स्टीफन मॅकेसी यांनी पुढे रॅटलस्नेकच्या विषांचे दोन प्रकार पाडले. पहिल्या प्रकारात मेटॅलोप्रोटिएजची क्रिया जास्त आणि मारकता कमी. दुसऱ्यात ती क्रिया कमी आणि मारकता जास्त. सीमारेषा साधारण अशी, की निम्मे उंदीर मरायला दर ग्रॅम वजनामागे १ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त विष लागलं तर पहिला प्रकार, कमी लागलं तर दुसरा. म्हणजे रॅटलस्नेकच्या बाबतीत प्रोटिएजचा स्तंभ उंच दिसला की मारकता कमी असण्याचीच शक्यता जास्त. अर्थात पहिल्या प्रकारचा साप चावला तर सूज, रक्तस्राव आणि मांस सडणं भयंकर असतं, माणूस बोट किंवा हात गमावू शकतो. त्यामुळे ‘कमी विषारी’ म्हणजे ‘कमी त्रासदायक’ असंही नाही. शब्द जपून वापरायचे ते इथे.

घोणसीलाही हाच नियम लागू होतो असं मी म्हणत नाही. रॅटलस्नेकवरचा नियम घोणसीला चिकटवणं ही पुन्हा तीच घाई होईल. फक्त एवढंच, की एका एन्झाइमच्या क्रियेवरून विषाची मारकता काढता येत नाही, याचा पुरावा विषविज्ञानात जवळजवळ पन्नास वर्षं पडून आहे.

आता प्रयोगशाळेच्या टेबलाजवळ जाऊ. प्रोटिएज मोजायची सगळ्यात जास्त वापरली जाणारी पद्धत अझोकेसीनची. केसीन म्हणजे दुधातलं प्रथिन. त्याला नारिंगी रंगाचा रेणू जोडलेला असतो. विष घालून ३७ अंशांना ठेवायचं. प्रोटिएजनं केसीन तोडलं की छोटे तुकडे सुटतात. न तुटलेलं प्रथिन आम्ल घालून खाली बसवायचं आणि वरच्या द्रवात रंग किती आला ते मोजायचं. घोणसीच्या विषात प्रोटिएज दोन घराण्यांचे, जस्तावर चालणारे मेटॅलोप्रोटिएज आणि सेरीन प्रोटिएज. कुणाचा वाटा किती हे पाहायचं तर एका नळीत इडीटीए घालायचं, ते धातू पकडून पहिल्यांना बंद पाडतं. दुसऱ्या नळीत पीएमएसएफ, ते दुसऱ्यांना. पद्धत स्वस्त आहे, कुठल्याही कॉलेजात होते, आणि म्हणूनच तिचे आकडे पेपरांत इतके दिसतात.

पण घोणस चावलेल्या माणसाच्या शरीरात केसीन नसतं. त्याला जे होतं ते मुख्यतः रक्ताचं. घोणसीच्या विषात आरव्हीव्ही-एक्स नावाचा एक मेटॅलोप्रोटिएज आहे, तो रक्त गोठवणाऱ्या साखळीतला दहावा घटक चालू करतो. आरव्हीव्ही-व्ही नावाचा एक सेरीन प्रोटिएज पाचवा घटक चालू करतो. साखळी भलत्या वेळी सुरू होते, गोठायला लागणारं फायब्रिनोजेन वापरून संपतं, आणि मग रक्त गोठतच नाही. हिरड्यांतून, लघवीतून, कधी मेंदूत रक्तस्राव होतो. आरव्हीव्ही-एक्स इतकं नेमकं काम करतं की १९३४ साली मॅकफर्लेन आणि बार्नेट या ब्रिटिश डॉक्टरांनी घोणसीचं पातळ केलेलं विष हिमोफिलियाच्या रुग्णांच्या जखमांवर रक्त थांबवायला वापरून पाहिलं होतं. आजही ल्युपसशी संबंधित एका रक्तचाचणीत तेच विष वापरतात.

आता विचार करा. आरव्हीव्ही-एक्स हे वाटेल ते प्रथिन कुरतडणारं एन्झाइम नाही, एका विशिष्ट कुलपाची ती किल्ली आहे. समजा दोन घोणसी आहेत. एकीच्या विषात सरसकट प्रथिनं तोडणारे प्रोटिएज जास्त, दुसरीच्या विषात आरव्हीव्ही-एक्स जास्त. अझोकेसीनच्या नळीत पहिली जिंकेल. रुग्णाच्या रक्तात कदाचित दुसरी. म्हणून ‘एकूण प्रोटिएज क्रिया’ हा आकडा पाहिला की विचारायचं, कशावरची क्रिया? केसीनवरची, फायब्रिनोजेनवरची, की माणसाच्या प्लाझ्मावर मोजलेली? हा नकाशा निरनिराळ्या भागांत सर्पदंशाची लक्षणं कशी असतील हे सांगायला वापरता येईल, अशी आशा पेपरमागे आहे. माझा मुख्य आक्षेप नेमका त्या पायरीवर आहे. एन्झाइमच्या क्रियेवरून लक्षणांवर उडी मारायची तर मध्ये रक्त गोठण्याची चाचणी आणि प्रत्यक्ष रुग्ण हवेत. हवामान ते एन्झाइम हा पूल त्यांनी बांधला. एन्झाइम ते रुग्ण हा पूल अजून बांधायचा आहे, आणि तो बंगळुरूत बसून बांधता येणार नाही.

प्रथिनांच्या यादीकडेही असंच पाहायचं. मास स्पेक्ट्रोमेट्रीवरून येणारे ते गोल तक्ते तुम्ही पाहिले असतील, फॉस्फोलायपेज इतके टक्के, सेरीन प्रोटिएज इतके टक्के. टक्क्यांची बेरीज शंभर होते, आणि घोळ तिथेच आहे. एखाद्या शेतकऱ्याचं सोयाबीनचं उत्पन्न यंदा दुप्पट झालं आणि कापसाचं गेल्या वर्षीइतकंच राहिलं, तर त्याच्या एकूण उत्पन्नात कापसाचा वाटा घसरलेला दिसेल. कापसाचा एक रुपयाही कमी झालेला नसेल. विषातही फॉस्फोलायपेज वाढलं की प्रोटिएजचे टक्के आपोआप घटतात. शिवाय एन्झाइमची क्रिया दर मिलिग्रॅम प्रथिनामागे काढतात, आणि ते प्रथिन मोजायची जी ब्रॅडफर्ड पद्धत आहे तिला लहान पेप्टाइड नीट दिसत नाहीत. म्हणजे भागाकारातला खालचा आकडाच विषागणिक वेगळ्या प्रमाणात चुकतो. हे कुणी मुद्दाम करत नाही, पण तुलनेचा पेपर वाचताना ही गोष्ट डोक्यात असू द्या. आणि यादीत प्रथिन आहे म्हणून ते काम करतं असं नाही, साठवणीत एन्झाइम मरू शकतं. उलट एखादं प्रथिन एक टक्का असूनही सगळा गोंधळ तेच घालू शकतं.

आता सापांच्या संख्येकडे या. ११५ साप म्हणजे या क्षेत्रात खरोखर मोठी संख्या आहे. जंगली विषारी साप शोधायचा, वन खात्याची परवानगी काढायची, विष काढायचं, सापाला परत सोडायचं, हे सगळं ज्यानं जवळून पाहिलंय त्याला कळेल. जुन्या कितीतरी पेपरांत दहा-वीस सापांचं विष एकत्र ओतून एकच नमुना करत, मग तोच नमुना तीन नळ्यांत मोजत आणि आलेखावर चुकीची रेघ काढत. ती रेघ सापांमधला फरक दाखवत नाही, पिपेट धरणाऱ्या हाताची थरथर दाखवते. अशा प्रयोगात नळ्या तीन असोत की तीस, सापांचा नमुना एकच. तुमच्या स्वतःच्या सिनॉप्सिसमध्ये ही गोष्ट पहिल्या पानावर तपासा. गाईडनं नाही विचारलं तरी बाहेरचा परीक्षक विचारतो.

तरीही ११५ ला ३४ नं भागा. एका ठिकाणी सरासरी साडेतीनसुद्धा साप येत नाहीत. घोणसीचं पिल्लू आणि मोठी घोणस यांचं विष सारखं नसतं. पिल्लू सरडे-पाली खातं, मोठी उंदीर-घुशी. एखाद्या ठिकाणी योगायोगानं दोन लहान साप सापडले तर तो वयाचा फरक हवामानाचा फरक म्हणून मोजला जाऊ शकतो. दुसरी शंका अधिक खोल आहे. शेजारशेजारच्या दोन ठिकाणांचं हवामान सारखं असतं, तसेच तिथले साप एकमेकांचे नातेवाईकही असतात. मग विष सारखं का, हवामान सारखं म्हणून की आजोबा एक म्हणून? हवामान आणि कुठलाही गुणधर्म यांचं नातं सांगणाऱ्या प्रत्येक पेपरला हा प्रश्न विचारायचा, मग तो सापावर असो, ज्वारीच्या वाणावर असो की बोंडअळीवर. नाहीतर ११५ पुरावे म्हणून जे मोजतोय ते प्रत्यक्षात वीस-पंचवीस कुटुंबांचे पुरावे असायचे.

आणि हवामानानं विष बदलतं तरी कसं? या पेपरातलं नातं सांख्यिकीचं आहे, कारणाचं नाही. कारण म्हणून एक जुनी गोष्ट सांगितली जाते. व्हायपर मोठं भक्ष्य गिळतात, प्रोटिएज ते आतून पचवायला सुरुवात करून देतात, म्हणून जिथे पचन अवघड तिथे प्रोटिएज जास्त. ऐकायला अगदी पटतं. पण २००७ साली मार्शल मॅक्यू यांनी वेस्टर्न डायमंडबॅक रॅटलस्नेकवर हे थेट तपासलं. काही सापांना विष टोचलेले उंदीर दिले, काहींना न टोचलेले. पचनात फायदा दिसला नाही. दुसरं स्पष्टीकरण भक्ष्याचं, आणि त्यामागे जास्त बळ आहे. २०२१ मध्ये उत्तर अमेरिकेतल्या पिट व्हायपरवर आलेल्या एका मोठ्या कामात असं दिसलं की सापाच्या आहारातले प्राणी उत्क्रांतीच्या झाडावर एकमेकांपासून जितके लांबचे, तितकं विष गुंतागुंतीचं. भक्ष्यांची नुसती संख्या नव्हे, त्यांच्यातलं अंतर. म्हणजे पाऊस थेट विष बदलत नसेल. पावसावर गवत, गवतावर उंदीर, उंदरावर घोणस, असा तो रस्ता असेल.

हा रस्ता खरा असेल तर परभणी जिल्ह्यात एक गंमत आहे. पाथरी, मानवत, परभणी या भागातून जायकवाडीचा डावा कालवा जातो. कालव्याच्या पट्ट्यात ऊस उभा असतो, बारमाही ओल असते, उंदीर-घुशींना सुगी. तिथून जिंतूरच्या डोंगराकडे गेलात की कोरडवाहू तूर आणि माळ. हवामानाच्या आकड्यांत या दोन्ही ठिकाणांच्या पावसात फार फरक दिसणार नाही, कारण कालवा आभाळातून येत नाही. सापाला मात्र ही दोन वेगळी जगं आहेत. यावर उलट बाजूनं कुणी म्हणेल, आणि बरोबर म्हणेल, की विषाचे जनुक हजारो वर्षांत घडतात. जायकवाडीचं धरण झालं १९७६ च्या सुमारास, पन्नास वर्षांत घोणसीच्या फार तर वीसेक पिढ्या झाल्या असतील. त्यामुळे कालव्यानं विष बदललं असेलच असं नाही. मलाही तसंच वाटतं. पण म्हणूनच हा जिल्हा चाचणीसाठी चांगला आहे. कालव्याकाठची आणि माळावरची घोणस एकाच वंशाच्या, जुनं हवामान एकच, आजचं अन्न वेगळं. विष सारखं निघालं तर जुनं हवामान आणि वंश यांच्या बाजूनं एक गुण. वेगळं निघालं तर पेपरातल्या नकाशाला सिंचनाचा थर लावावा लागेल.

नकाशाबद्दलही एक साधा हिशेब करा. महाराष्ट्रातच ३६ जिल्हे आहेत. सगळ्या भारतासाठी ठिकाणं ३४. म्हणजे देशातल्या बहुतेक जिल्ह्यांवर जो रंग आहे तो मोजलेला नाही, गणितानं भरलेला आहे. यात लबाडी काही नाही, अंदाजाचा नकाशा असाच असतो आणि लेखकांनी त्याला अपेक्षित विषांचा नकाशाच म्हटलंय. अडचण वाचणाऱ्याची होते. रंगात मोजलेलं आणि ताडलेलं सारखंच चकचकीत दिसतं. हवामानानं विषातला फरक ‘काही प्रमाणात’च समजतो, तर उरलेलं प्रमाण किती आणि ते कुठे जास्त आहे, हे सांगणारा दुसरा नकाशा मला पहिल्यापेक्षा जास्त उपयोगी वाटेल. शंका जिथे मोठी तिथे पुढचा साप शोधायला जायचं, असा तो वापरता येईल. शब्दांचंही तेच. तेजपूर विद्यापीठाच्या गटानं २०१७ मध्ये घोणसीच्या विषातल्या प्रथिनांवर केलेल्या कामाच्या शीर्षकात ‘पश्चिम भारत’ आहे. काम कसून केलेलं आहे. पण कच्छच्या रणापासून गोव्याच्या किनाऱ्यापर्यंत सगळं पश्चिम भारतच. परभणी त्यात धरायची की दख्खनच्या पठारात?

हे सगळं बारीक कातणं वाटत असेल तर आकडा लक्षात घ्या. २०२० च्या एका अभ्यासानुसार २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशानं सुमारे १२ लाख माणसं गेली, वर्षाला सरासरी ५८ हजार. बहुतेक खेड्यातली. आणि जे साप ओळखता आले त्यांत सगळ्यात मोठा वाटा घोणसीचा. आपल्याकडे दवाखान्यात मिळणारं प्रतिविष एकच, नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालणारं. ते घोड्यांना विष टोचून तयार करतात आणि ते विष मुख्यतः तामिळनाडूतल्या इरुळा सर्प पकडणाऱ्यांच्या सहकारी संस्थेकडून येतं, म्हणजे चेन्नईच्या आसपासच्या सापांचं. नारायणगावात किंवा अंबरनाथला तयार झालेल्या प्रतिविषाचीही मूळ ओळख बहुतांशी त्याच सापांशी. औषधाच्या मानकाप्रमाणे १ मिलिलिटर प्रतिविषानं घोणसीचं ०.६ मिलिग्रॅम विष निष्प्रभ व्हायला हवं. ते कुठल्या घोणसीचं, हा प्रश्न तिथून सुरू होतो.

इथे तुम्ही म्हणाल, विष वेगळं तर प्रतिविष चालणार नाही, सरळ आहे. थांबा. याच प्रयोगशाळेचा २०२१ चा पेपर वाचा, घोणसीवरचाच, पाच वेगवेगळ्या भौगोलिक विभागांतल्या विषांवरचा. प्रथिनं वेगळी निघाली, एन्झाइमांच्या क्रिया वेगळ्या निघाल्या, मारकता वेगळी निघाली. आणि उंदरांवर प्रतिविष लावून पाहिलं तेव्हा बहुतेक विभागांच्या विषांवर त्याची ताकद जवळपास सारखीच भरली. अपवाद उत्तरेकडच्या निमकोरड्या भागाचा, तिथे ते कमी पडलं. लेखकांनी स्वतःच लिहिलं की हे त्यांना अनपेक्षित होतं. मला हा निष्कर्ष २०२५ च्या नकाशापेक्षा मोलाचा वाटतो. प्रतिविषातली प्रतिपिंडं विषातल्या प्रथिनांचा आकार ओळखतात, एन्झाइमचा वेग नव्हे. एखादं प्रथिन दुप्पट झालं तर मात्रा वाढवून भागू शकतं, पण त्याचा आकारच बदलला तर बाटल्या ओतूनही उपयोग होत नाही. नळीतला स्तंभ या दोन गोष्टींत फरक करत नाही. २०२१ च्या लेखकांनी आणखी एक गोष्ट उघड ठेवली. उंदीर जगला एवढ्यावरून सूज, सडणं, मूत्रपिंडाचं नुकसान प्रतिविषानं थांबतं का हे कळत नाही, ते वेगळं तपासायला हवं. माणूस वाचतो आणि वर्षभर डायलिसिसवर काढतो, तेव्हा उंदराच्या तक्त्यात तो ‘यश’ या रकान्यात जातो.

मग परभणीत बसून काय करता येईल? साप पकडून विष काढायच्या भानगडीत पडू नका, त्याला १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली परवानगी लागते आणि ती एमएस्सीच्या प्रकल्पाला सहज मिळत नाही. बाजूच्या नांदेड जिल्ह्यात मुखेडला डॉ. दिलीप पुंडे यांनी आपल्या दवाखान्यातल्या दहा वर्षांच्या सर्पदंशांच्या नोंदींवर २००५ मध्ये ‘नॅशनल मेडिकल जर्नल ऑफ इंडिया’त पेपर लिहिला. तालुक्याच्या गावातून. तो काढून वाचा, भाषा सोपी आहे. एन्झाइम ते रुग्ण हा जो पूल मघाशी अर्धा राहिला, त्याचं दुसरं टोक अशा नोंदींत आहे.

नकाशा जर लक्षणांचं भाकीत करत असेल तर ते भाकीत रुग्णालयाच्या जुन्या केसपेपरवर तपासता येतं. नैतिकता समितीची मंजुरी घ्यायची, रुग्णांची नावं वगळायची, आणि घोणस म्हणून खात्रीनं नोंदलेल्या दंशांत तीन गोष्टी पाहायच्या. रक्त गोठलं की नाही, सूज कुठवर चढली, लघवी कमी झाली का. मग कालव्याकडची गावं एका बाजूला, माळाकडची दुसऱ्या बाजूला. दवाखान्यात यायला किती तास लागले हा आकडा तिसऱ्या रकान्यात हवाच, कारण उशिरा आलेला रुग्ण जास्त आजारी दिसतो आणि तुम्ही दोष घोणसीला द्याल. रक्ताची तपासणी तर सगळीकडे होऊ शकते. दोन मिलिलिटर रक्त, कोरडी स्वच्छ काचेची नळी, वीस मिनिटं न हलवता ठेवायची, मग एकदा तिरपी करून पाहायची. केसपेपरवर त्या नळीचा निकाल हवा आणि दंश जिथे झाला त्या गावाचं नाव हवं, नुसतं ‘जि. परभणी’ नको.